डाग पांढरा आहे तोवर

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, अमरावती

विषय : तिवसा तालुक्यातील अंगणवाड्या व प्राथमिक शाळांत फ्लोराईड टूथपेस्टने रोज दात घासण्याचा उपक्रम सुरू करण्याबाबत

महोदय,



तिवस्यात मी दातांचा दवाखाना चालवतो. शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि गावोगावच्या नळयोजना हे सगळं आपल्या एका कार्यालयाखाली येतं. लेकरांच्या दातांचं दुखणं या चारही खात्यांत थोडंथोडं वाटलं गेलंय, त्यामुळे ते कुणाच्याच टेबलावर येत नाही. ते आपल्या टेबलावर यावं म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की यातलं बरंचसं आईबापांनी आणि गुरुजींनीही वाचायला हवं.

मागणी आधीच सांगून टाकतो. येत्या सत्रापासून तालुक्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत आणि प्राथमिक शाळेत, परिपाठ संपला की, लेकरांनी ताईंच्या किंवा गुरुजींच्या देखत फ्लोराईडच्या पेस्टने दात घासावेत. यामागचं कारण मात्र सविस्तर सांगावं लागेल.

कुऱ्हा, कौंडण्यपूर, तळेगाव ठाकूर इकडून माझ्याकडे येणारं लेकरू बहुधा रात्रभर रडून आलेलं असतं. गाल सुजलेला, दाढेत खड्डा, मुळाशी पू. आई म्हणते, "दुधाचेच दात व्हय ना डॉक्टर, पडतीनच ते. कायले खर्च करा?" तिला कुणी सांगितलेलंच नसतं की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत मागे जी दाढ उगवते, ती कायमची असते. तिच्या जागी आधी कुठलाच दात पडलेला नसतो, म्हणून घरात तिची कुणी दखलच घेत नाही. दुधाची समजून ती सोडून दिली जाते आणि आठव्या-नवव्या वर्षी तिच्यात खड्डा पडतो. जन्मभर चावायची दाढ पाचवीत जायच्या आधीच निकामी होते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांत सुमारे ५२ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांत सुमारे ५४ टक्के मुलांना कीड आढळली होती. म्हणजे वर्गातल्या दर दोन लेकरांमागे एक.

खड्डा पडला की माझं काम सुरू होतं. आपलं काम त्याच्या आधीच्या वर्षभरात आहे.

खड्ड्याआधीची ही अवस्था आपण स्वतः पाहावी अशी माझी विनंती आहे. मोझरीला किंवा वरखेडला शाळाभेटीला याल तेव्हा एखाद्या पहिलीतल्या लेकराला खिडकीपाशी उजेडात उभं करा. अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचला. हिरडीला लागून मऊ पिवळट थर असेल, तो कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या आणि दात काही क्षण कोरडा होऊ द्या. ओला असताना चांगला दिसणारा दात सुकताच हिरडीलगत निस्तेज पांढरा पट्टा दाखवू लागतो. तिथे दाताचं वरचं कवच, ज्याला आम्ही एनॅमल म्हणतो, आतून सच्छिद्र झालेलं असतं. छिद्रांत पाणी असेपर्यंत उजेड जवळजवळ सरळ पार होतो. पाणी उडून तिथे हवा शिरली की उजेड विखुरतो आणि जागा पांढरी दिसते. फक्त सुकल्यावर दिसणारा डाग उथळ असतो. ओल्या दातावरही दिसणारा डाग जास्त खोल गेलेला असतो. हा पट्टा दुखत नाही, ठणकत नाही, म्हणून त्यासाठी कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. पण दात वाचवायची खरी वेळ हीच.

एनॅमल हे शरीरातलं सर्वांत कठीण द्रव्य. वजनाने त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू ते आंबवतात आणि आम्ल सोडतात. आम्लता वाढून पीएच साधारण साडेपाचाच्या खाली गेला की स्फटिकांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतात. खाणं थांबलं की अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते आम्ल निवळवते, आणि लाळेतलंच कॅल्शियम-फॉस्फेट परत स्फटिकांवर बसतं. ही झीज आणि भरपाई दिवसातून कित्येकदा चालते. झीज जास्त आणि भरपाई कमी असं महिनोन्‌महिने झालं, की वाळवी लागलेल्या चौकटीसारखी गत होते : वरून शाबूत, आतून पोखरलेली. पांढरा पट्टा म्हणजे हीच अवस्था. वरची कड मोडली, की खड्डा.

एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. म्हणून हाड जुळतं तसं गेलेलं एनॅमल शरीर पुन्हा घडवू शकत नाही, आणि जगातली कुठलीही पेस्ट पडलेला खड्डा बुजवू शकत नाही. तसं सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. पण वरची कड शाबूत असेपर्यंत आत अर्धवट झिजलेले स्फटिक जागेवर असतात, आणि त्यांच्यावर खनिज पुन्हा चढू शकतं. फ्लोराईडचं काम इथलं आहे. झिजलेल्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर ते बसतं, लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट तिकडे खेचतं, आणि त्यातून जो नवा थर तयार होतो तो जुन्यापेक्षा चिवट असतो. साध्या स्फटिकाला साडेपाचाच्या पीएचला झीज लागते. फ्लोराईड भिनलेला स्फटिक साधारण साडेचारापर्यंत तग धरतो. शिवाय थोडं फ्लोराईड कॅल्शियमशी बांधलं जाऊन दातावर साठून राहतं आणि पुढच्या वेळी आम्ल आलं की सुटतं. रोज, थोडं-थोडं, दाताला नुसतं लागत राहणं, एवढीच त्याची अट आहे.

आता त्या पेस्टबद्दल. आपल्या देशातल्या नियमांप्रमाणे टूथपेस्टमध्ये फ्लोराईड १००० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ते किती आहे व मुदत कधी संपते हे ट्यूबवर आणि खोक्यावर छापलेलं असलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत दातांसाठी वेगळा विभाग केला. त्यात १००० ते १५०० पीपीएमची फ्लोराईड पेस्ट आहे. म्हणजे तिवस्याच्या किराणा दुकानात टांगलेली साधी, स्वस्त पांढरी पेस्ट, जिच्या मागे सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट किंवा सोडियम फ्लोराईड लिहिलेलं असतं, तीच या यादीत बसणारं औषध आहे. मुदतीकडे लक्ष द्यायचं ते अशासाठी की जुन्या पेस्टमध्ये मोकळं, कामाला येणारं फ्लोराईड कमी होत जातं. बऱ्याच 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये फ्लोराईड नसतं. लाल मंजनातही नसतं, आणि त्यातल्या काहींची भरड पूड एनॅमल घासून काढते. राखुंडीचंही तेच. बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या काडीने थर निघतो, हे मी मान्य करतो. पण काडी फ्लोराईड देत नाही.

इकडे शहरातून एक नवीन माल येतो आहे आणि पालक त्याबद्दल विचारतात. 'रिमिनरलायझिंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टच्या एकेका ट्यूबला काही शे रुपये पडतात. त्यांच्यामागे खरं संशोधन आहे. मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांच्या गटाने दुधातल्या केसीन या प्रथिनापासून कॅल्शियम-फॉस्फेट दाताजवळ धरून ठेवणारं द्रव्य तयार केलं. जपानने अतिसूक्ष्म हायड्रॉक्सिॲपेटाइटला १९९३ मध्ये कीड रोखणारा घटक म्हणून मान्यता दिली. तिसरा प्रकार जैवकाचेचा. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडाशी जुळणारी काच बनवली, तिच्याच वाटेने पुढे दातांच्या पेस्टपर्यंत ही काच आली. दातांना तारा बसवलेल्या मुलांना, कॅन्सरच्या किरणोपचाराने तोंड कोरडं पडलेल्यांना, जन्मतःच दाढांचं एनॅमल कच्चं असलेल्या लेकरांना मी स्वतः अशा पेस्ट लिहून देतो (दुधाची ॲलर्जी असेल तर केसीनची नाही). पण या सगळ्यांत ज्या औषधामागे सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना पुरावा आहे ते फ्लोराईडच. साध्या पेस्टचे पैसे नसलेल्या आईला महागडी ट्यूब घ्यायला लावणं मला पटत नाही. जिल्हा परिषदेनेही तिकडे एक रुपया घालू नये.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो विदर्भात येणं साहजिक आहे. "फ्लोराईड तर विष आहे ना? यवतमाळात, चंद्रपुरात त्यानेच दात पिवळे पडतात, हाडं वाकतात." हे खरं आहे. तिथल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. आपल्या देशात हा आजार १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून पहिल्यांदा नोंदला गेला. पाण्यातलं फ्लोराईड तुरटी आणि चुन्याने काढायची 'नलगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या नीरीने शोधली. आठ वर्षांच्या आत, दात हिरडीखाली घडत असताना, रोज पोटात जादा फ्लोराईड गेलं तर एनॅमलवर डाग पडतात. वर्षानुवर्षं गेलं तर हाडांवर परिणाम होतो.

मात्र हे नुकसान पिण्यातून होतं. दाताला होणारा फायदा मुख्यतः दाताला बाहेरून लागण्यातून होतो. फ्लोराईडने कीड कमी होते हा शोधही डागाळलेल्या दातांपासूनच निघाला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य गेला, तेव्हा तिथल्या लोकांचे तपकिरी दात पाहून तो चक्रावला. आणि तेच दात फारसे किडत नाहीत हे बऱ्याच वर्षांनी त्याच्या लक्षात आलं. पाण्यातल्या फ्लोराईडने हे होतं हे कळायला १९३१ उजाडावं लागलं. कमी प्रमाणात फ्लोराईड कसं वापरायचं हे शास्त्र तिथून पुढे वाढत गेलं.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे, तो पालकसभेत फळ्यावर लिहून दाखवता येतो. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराईड. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सुमारे ०.१ ग्रॅम, त्यात ०.१ मिलिग्रॅम. तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी, सुमारे पाव ग्रॅम, त्यात ०.२५ मिलिग्रॅम. लेकराने ती सगळी गिळली असं धरलं तरी, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुसरा स्रोत नसेल तेव्हा चालवून घेतलेली कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे, आणि लेकरं दिवसाला एक लिटर पाणी सहज पितात; त्यापुढे पेस्टमधलं हे प्रमाण बरंच कमी आहे. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची नागमोडी रेघ दाखवतात, तेवढी मात्र लेकराला कधीच देऊ नये. ट्यूब मोठ्यांच्या हातात राहिली पाहिजे.

म्हणून माझी दुसरी मागणी पाण्याची आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण दिलं जातं, आणि त्या किटमध्ये फ्लोराईडची चाचणी असते. प्रत्येक शाळेच्या आणि अंगणवाडीच्या पिण्याच्या स्रोताचा फ्लोराईडचा आकडा शाळेच्या भिंतीवर लिहिला जावा. उन्हाळ्यात नळ आटला की गाव खोल बोअरकडे वळतं, म्हणून एप्रिल-मे मध्ये तो पुन्हा तपासावा. आकडा दीडच्या वर निघाला तर त्या गावात आधी पाण्याचा बंदोबस्त व्हावा.

आपल्या भागाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिवसा-मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात संत्री घरचीच असतात. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की लेकरं दिवसभर एकेक फोड चोखत हिंडतात. संत्र्याच्या रसाचा पीएच चारच्या खाली-वर, म्हणजे जंतूंच्या मदतीशिवाय तो थेट एनॅमल झिजवतो. संत्री खाऊ नका असं सांगणारा माणूस मी नाही. संत्री उत्तम आहेत. फक्त ती जेवणाबरोबर एका बैठकीत खावीत, दिवसभर चोखत बसू नये, आणि खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. मऊ झालेल्या एनॅमलवर अर्धा तास तरी ब्रश फिरवू नये, त्याआधी पाण्याने चूळ भरून घ्यावी. शाळेच्या फाटकाबाहेरच्या रुपयाच्या गोळ्या, रंगीत बर्फाच्या नळ्या आणि थंड पेयं यांचं नुकसान संत्र्याहून कितीतरी जास्त आहे. 

आता शाळेतलं काम. स्कॉटलंडमध्ये 'चाइल्डस्माइल' या सरकारी कार्यक्रमाखाली बालवाड्यांत रोज बाईंच्या देखत लेकरं फ्लोराईड पेस्टने दात घासतात. तिथे पाच वर्षांच्या मुलांत कीड नसलेली मुलं निम्म्याहून कमी होती, ती वीस वर्षांच्या आत तीन-चतुर्थांशाजवळ गेली. त्यांच्याकडे यासाठी आपल्याला न परवडणारं असं काही यंत्र नव्हतं. ब्रश, पेस्ट आणि घड्याळ.

यात आपल्या सोयीची एक गोष्ट आहे. ब्रश झाल्यावर थुंकायचं असतं, पण चूळ भरायची नसते, कारण चूळ भरली की दातावर राहायचं फ्लोराईड वाहून जातं. आपल्या घरात खळखळून चूळ भरल्याशिवाय दात घासल्याचं समाधानच मिळत नाही, म्हणून ही गोष्ट लेकरांपेक्षा मोठ्यांना पटवावी लागेल. पण याचा अर्थ असा की मे महिन्यात टाकी कोरडी असलेल्या शाळेतही हा उपक्रम चालतो. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, शाळेमागच्या खड्ड्यात थुंकायचं, त्यावर माती, आणि ब्रश नाव लिहिलेल्या खाचेत उभे. एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरायचा नाही, एवढी शिस्त ताईंनी पाळावी.

खर्चाचं गणितही मांडून देतो. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला २०० दिवस. दिवसाला पाव ग्रॅम धरली तर एका लेकराला वर्षभरात ५० ग्रॅम पेस्ट लागते. म्हणजे १०० ग्रॅमची एक ट्यूब दोन लेकरांना वर्षभर पुरते. ब्रश दर तीन-चार महिन्यांनी नवा. सेस फंडातून एवढी तरतूद व्हायला अडचण येऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतंच. दातांची कीड त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे, पण नोंद होते ती खड्ड्याची. पांढऱ्या पट्ट्याची वेगळी नोंद व्हावी, आणि ज्या लेकराला पट्टा दिसेल त्याच्या दातांवर तिथेच फ्लोराईड वार्निश लावलं जावं. हे ५ टक्के सोडियम फ्लोराईडचं चिकट द्रावण ब्रशने लावायला अर्धं मिनिट पुरतं. प्रशिक्षण मिळालं तर परिचारिकाही लावू शकते. वर्षातून दोनदा लावलं की कायमच्या दातांतली कीड बरीच घटते, हे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून दाखवलं गेलंय. ज्यांना खड्डे पडलेच आहेत आणि दवाखान्यापर्यंत येणं जमत नाही, त्यांच्यासाठी सिल्व्हर डायअमीन फ्लोराईड आहे. तेही जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच यादीत आहे. एक थेंब लावला की बहुतेक वेळा कीड थांबते, मशीन लागत नाही, दुखत नाही. दाताचा किडलेला भाग काळा पडतो, हे आईला आधी सांगून तिची संमती घ्यावी. ही दोन्ही औषधं तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत असावीत, ही माझी तिसरी मागणी.

ज्या तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज उभारलं, तिथे रोज ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून एक काम करण्याची सवय माणसांच्या अंगात आहे. सामुदायिक प्रार्थना चुकत नाही अशी घरं मला माहीत आहेत. अशा गावांत रोज दोन मिनिटं सगळ्या लेकरांनी मिळून दात घासणं रुजायला वेळ लागणार नाही. शाळेत घासून झालं की रात्रीचा ब्रश घरी व्हावा, तो जास्त महत्त्वाचा आहे. झोपेत लाळ कमी होते आणि दाताला भरपाई मिळत नाही. सोंगणी-वेचणीच्या दिवसांत थकून आलेली आई लेकराला जेवताजेवताच झोपू देते, हे मी पाहतो. तिच्यावर आणखी एक जबाबदारी टाकताना संकोच वाटतो. म्हणूनच दिवसातला एक ब्रश तरी शाळेने उचलावा.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी आदेश निघाला, तर पेस्ट आणि ब्रश पहिल्याच आठवड्यात पोचतील. गुरुजींना आणि अंगणवाडी ताईंना शिकवायचं काम मी करीन, त्याचं मानधन नको. प्रत्येक केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला अर्धा तास द्या. पट्टा कसा ओळखायचा, पेस्ट किती घ्यायची आणि चूळ का भरायची नाही, हे मी आरसा आणि कापसाचे बोळे घेऊन येऊन दाखवीन. सुरुवात कुऱ्हा केंद्रापासून करावी, कारण सुजलेला गाल घेऊन सर्वाधिक लेकरं माझ्याकडे तिकडूनच येतात.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
तिवस्यातील एक दंतवैद्य